पक्ष, साध्य, सिद्धता आणि गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलणं जसं झालं तसंच बरंचसं ठेवलं आहे. हातात फोन आहेच, तर मध्ये एकदा कॅल्क्युलेटर उघडावा लागेल.)

मी बारावी सायन्सला आहे. गाव सांगोल्याजवळ, जिल्हा सोलापूर. दहावीपर्यंत माझी शाळा मराठी माध्यमाची होती. अकरावीपासून सगळं इंग्रजीत. आज मला दोन विषयांबद्दल बोलायचंय, जे आमच्या वेळापत्रकात कधीच शेजारी येत नाहीत: गणित आणि कथा. मला दोन्ही आवडतात. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, "मग नक्की काय करणार?" त्याचं उत्तर शेवटी देते. आधी हे सांगते की मराठी कथा वाचल्यामुळे मला इंग्रजीतलं गणित कसं कळायला लागलं.

शब्द बदलले तेव्हा

दहावीच्या भूमितीत प्रमेय कसं लिहायचं हे तुम्हाला आठवत असेल. आधी पक्ष, म्हणजे काय दिलंय. मग साध्य, म्हणजे काय दाखवायचंय. लागली तर रचना. आणि मग सिद्धता. चार शब्द. वहीत समास सोडून, खाली रेघ मारून लिहायचे. अकरावीत ते चारही शब्द गेले. गिव्हन, टू प्रूव्ह, कन्स्ट्रक्शन, प्रूफ आले. त्रिज्येची रेडियस झाली, संचाचा सेट झाला, वर्गसमीकरणाचं क्वाड्रॅटिक झालं.

आता कुणी म्हणेल, शब्दच तर आहेत, पाठ करायचे. केलेच की! पण एक फरक पडतो. 'समद्विभुज' हा शब्द ऐकला की त्यातच व्याख्या आहे: सम, द्वि, भुज. दोन बाजू सारख्या. 'रेषेचा चढ' म्हटलं की मला आमच्या वाटेवरचा चढ दिसतो, जिथे सायकलवरून उतरावं लागतं. 'स्लोप' म्हटलं की मला फक्त एम हे अक्षर दिसतं.

पण मराठी सगळी सोपी आणि इंग्रजी सगळी अवघड, असं मी अजिबात म्हणत नाहीये. 'श्रेढी' हा शब्द तुमच्या घरात कोण बोलतं? 'व्युत्क्रम कोन'? 'महत्त्वमापन'? हेही परकेच होते. आमच्या सरांनी ते हळूहळू, गप्पा मारत ओळखीचे करून दिले. परका शब्दही नीट ओळख करून दिली की घरातला होतो. अकरावीत ओळख करून द्यायला कुणाला वेळ नव्हता, एवढंच.

आणि आपल्या आकड्यांमध्ये केवढी गंमत आहे बघा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नास, अगदी एकोणनव्वदपर्यंत सगळ्यांच्या पोटात वजाबाकी आहे. आणि नव्याण्णवला हा नियम अचानक मोडतो! माझी आज्जी अजून विसांत मोजते. डाळिंबाचे क्रेट पासष्ट असतील तर ती म्हणते, "तीन विसा आन् पाच." पंच्याहत्तर असतील तर "पाच कमी चार विसा." आज्जी शाळेत गेलेली नाही, पण तिच्या मोजण्यात गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी तिन्ही आहेत.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आम्ही पोरं तर 'वीस एक, वीस दोन' करून हसायचो. पण त्यामागचा विचार साधा होता: आपण २७ लिहिताना आधी दोन लिहितो आणि बोलताना 'सत्तावीस', म्हणजे सात आधी बोलतो. लहान मुलाचा गोंधळ तिथे होतो. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. तो बदल पटो न पटो, गणित समजण्याचा आणि भाषेचा संबंध किती जवळचा आहे, हे त्या वादाने सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं.

एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद

सीईटीचा गणिताचा पेपर माहितीये ना? ५० प्रश्न, ९० मिनिटं. भागाकार करा. एका प्रश्नाला १०८ सेकंद, म्हणजे एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. एवढ्या वेळात 'का' विचारायला जागाच नाही. म्हणून क्लासमध्ये शिकवतात पर्याय कसे उडवायचे, पर्यायातलाच आकडा समीकरणात कसा टाकून बघायचा. मी त्याला नावं ठेवणार नाही. मलाही ती परीक्षा द्यायचीये.

पण अकरावीच्या दिवाळीपर्यंत माझं असं झालं होतं की गणित सुटायचं आणि मी काय केलं ते मला सांगता यायचं नाही. आणि माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, जी दहावीत भूमितीत माझ्यापुढे होती, तिने तर त्याआधीच सायन्स सोडलं. आर्ट्सला गेली. गावात लोक एका वाक्यात मोकळे झाले: "मराठी मीडियमच्या पोरींना सायन्स झेपत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

तिची गणिताची आवड काही सुटली नव्हती. मग आम्ही रविवारी दुपारी बसायला लागलो. मी तिला आठवड्यात शिकलेलं एक प्रूफ मराठीत सांगायचं. वही न बघता, गोष्ट सांगतात तसं. तिने फक्त दोनच शब्द वापरायचे: "मग?" आणि "का?"

करून बघा हे. भयंकर अवघड आहे. "मग?"ला उत्तर देता येतं, कारण पुढची पायरी पाठ असते. "का?"ला आपण अडतो.

बाहेरून आलेली रेघ

एक उदाहरण देते, डोळे मिटून बघा. बस किंवा गाडी चालवत असाल तर नका मिटू.

एक त्रिकोण. तळाची बाजू आडवी, वर एक शिरोबिंदू. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे सगळ्यांना माहिती. पण का? त्रिकोणाकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी कळत नाही. आता वरच्या बिंदूतून तळाला समांतर अशी एक रेघ काढा. आडवी, दोन्हीकडे पसरलेली. त्या बिंदूपाशी आता तीन कोन झाले. मधला त्रिकोणाचाच आहे. डावीकडचा हा तळाच्या डाव्या कोनाएवढा, उजवीकडचा तळाच्या उजव्या कोनाएवढा, कारण रेघा समांतर आहेत. व्युत्क्रम कोन! आणि तिघे मिळून एक सरळ रेघ होते. झाले १८०.

मी हे सांगितलं तेव्हा मैत्रीण गप्प बसली आणि मग म्हणाली, "पण ती रेघ तर त्रिकोणात नव्हतीच."

नव्हतीच. तीच तर 'रचना'. बाहेरून आलेली एक रेघ, आणि आतलं सगळं दिसायला लागतं. त्याच आठवड्यात मी व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' वाचत होते. १९४९ चं पुस्तक, आणि माणसं आमच्याच भागातली. तेव्हा जाणवलं की कथेतही असंच असतं. गावातली माणसं रोज जगत असतात, त्यांना स्वतःकडे बघायला सवड नसते. मग कुणीतरी येतं. नवा मास्तर, पाहुणा, नाहीतर वर्षांनी गावी परतलेला माणूस. तो आला की जे रोजचं होतं ते दिसायला लागतं. मी स्वतः कथा लिहायला बसते तेव्हा आता आधी हाच प्रश्न विचारते: माझ्या त्रिकोणात बाहेरची रेघ कुठली?

६१७४

आता कॅल्क्युलेटर उघडा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. मी ३५२४ घेते. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा: ५४३२. उलटे लावा: २३४५. वजा करा: ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुन्हा करा: ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. अडकलो!

तुमच्या नंबरचे शेवटचे चार अंक घेऊन करा. जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी, की ६१७४ येणारच. मध्ये तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य धरायचं.

हे शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक. विद्यापीठात नोकरी नाही, संशोधन संस्था पाठीशी नाही. आकड्यांशी खेळत राहिले. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी 'डेमलो' नाव दिलं, कारण ती कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचली आणि त्या स्टेशनाचं जुनं नाव डेमलो! आज त्यांचं नाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहे.

मी मैत्रिणीला ही जादू दाखवली. तिने पाच-सहा संख्या करून बघितल्या आणि आपला शब्द वापरला. "का?"

मग आम्ही बसलो. अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड समजा. मोठ्या संख्येतून छोटी वजा केली की उरतं: ९९९ गुणिले (अ वजा ड), अधिक ९० गुणिले (ब वजा क). वहीत मांडून बघा, दोन ओळींचं काम आहे. म्हणजे चार अंक कुठले आहेत याला महत्त्वच नाही! दोनच फरक महत्त्वाचे. टोकाच्या दोघांतला आणि मधल्या दोघांतला. टोकांचा फरक १ ते ९. मधल्यांचा फरक शून्यापासून टोकांच्या फरकाएवढा, कारण मधले टोकांच्या आतच असतात. मोजले की एकूण ५४ शक्यता होतात. सुरुवातीला शून्य चालवून धरलं तर संख्या ९९९० होतात, आणि पहिल्याच वजाबाकीत त्या सगळ्या ५४ वर येतात. मग आम्ही ५४ तपासल्या. एक दुपार, दोन चहा, वहीची चार पानं. सगळ्या ६१७४ ला पोचल्या. सिद्धता पूर्ण.

पण मैत्रीण खूश नव्हती. म्हणाली, "हे खरं आहे हे कळलं. का खरं आहे ते नाही कळलं." आणि मला वाटतं, वर्षभरात मी शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. त्रिकोणाच्या सिद्धतेत एक रेघ काढली की 'का' समोर दिसतं. इथे आपण सगळी दारं ठोठावून आलो आणि सगळीकडे तेच उत्तर मिळालं. दोन्ही सिद्धता पक्क्या आहेत. पण पहिली ऐकल्यावर आपण 'अच्छा!' म्हणतो आणि दुसरी ऐकल्यावर 'बरं' म्हणतो. कथांचंही हेच आहे ना? काही कथांत सगळ्या घटना ओळीने बरोबर असतात, शेवट होतो, आणि आपण 'बरं' म्हणून पान उलटतो.

ही ओळ काढली तर?

म्हणून मी एक चाचणी करते. प्रूफला आणि कथेलाही. एक ओळ निवडायची आणि बोटाने झाकायची. ती नसती तर शेवट उभा राहिला असता का? त्रिकोणाच्या प्रूफमधून 'समांतर' हा एक शब्द झाका, सगळं कोसळतं. म्हणजे तो शब्द खांब आहे. चांगल्या कथेत खांब कुठे असतात ते असं झाकूनच सापडतं.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती!' ही कथा वाचा. त्याच नावाचा संग्रह १९६३ सालचा आहे. नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण आणि त्याने लपवलेली जात. शेवट मी सांगणार नाही. पण यातला पहिला खांब बघा: कथेचं नाव. ते झाकून वाचलं तर सुरुवातीचे प्रसंग साधे वाटू शकतात. नाव माहीत असलं की कुणी नुसती विचारपूस केली तरी पोटात गोळा येतो. आपल्याला माहितीये आणि समोरच्या माणसाला माहीत नाही. पक्ष शीर्षकातच दिलाय! साध्य मात्र कुठेच लिहिलेलं नाही. ते वाचणाऱ्याने शोधायचं. आमच्या मराठीच्या पेपरात कथेवर प्रश्न येतो, 'यातून काय बोध मिळतो?' या कथेचा बोध एका ओळीत लिहून दाखवा. लिहिता येतो, पण मग अंगावर आलेला काटा त्या ओळीत कुठे बसवायचा?

अपवाद

इथे मला दोन विषयांतला फरकही सांगायचाय, नाहीतर वाटेल मी दोन्ही एकच म्हणतेय. ते एक नाहीत.

गणितात 'सगळे' हा शब्द फार जपून वापरतात. सगळ्या मूळ संख्या विषम असतात, असं कुणी म्हणालं तर एकटी २ ही संख्या ते विधान मोडते. एक अपवाद बास. आता ते वाक्य घ्या: "मराठी मीडियमच्या पोरींना सायन्स झेपत नाही." गणिताच्या नियमाने हे मोडायला एक मुलगी पुरते. मी आहे, माझ्या वर्गात अजून आहेत. विधान खोटं. विषय संपला.

पण माझ्या मैत्रिणीचा विषय त्याने संपतो का? विधान खोटं ठरलं म्हणून तिचे ते तीन महिने परत येत नाहीत. वर्गात प्रश्न विचारायचा असायचा आणि तो इंग्रजीत कसा विचारायचा हे जुळवेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असायचे. तिने फी भरलेल्या बाबांना हे कसं सांगितलं असेल? हे कुठल्याच प्रमेयात बसत नाही. तिथे कथा लागते. कथेला 'सगळ्या मुलीं'शी घेणंदेणं नसतं. तिला एकच मुलगी हवी असते, एक विशिष्ट वर्ग, एक विशिष्ट दुपार.

म्हणून मला दोन्ही हवंय. लोक माझ्याबद्दल सरसकट बोलतात तेव्हा गणित माझ्या बाजूने उभं राहतं. आणि कुणा एकीचं काय झालं हे सांगायचं असतं तेव्हा मी कथेकडे जाते.

दोन वह्या

दोन्ही हवं म्हणणारी मी पहिली नाही. जयंत नारळीकर आकाशाचं गणित इंग्रजीत मांडत होते आणि गोष्टी मराठीत लिहीत होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरं बघा: ना. वि. ज. उलटी वाचा! आपल्या नावाचं वजन पडू नये म्हणून हे केलं, आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या लहानपणची एक आठवण मला फार आवडते. बनारसच्या त्यांच्या घरात फळा होता आणि मामा त्यावर त्यांच्यासाठी एक आव्हान लिहून ठेवायचे. उत्तर सापडेपर्यंत ते गणित फळ्यावर तसंच राहायचं. तिथे एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांची अट नव्हती.

आता ते उत्तर, नक्की काय करणार? सीईटी देणार, आणि चांगली देणार. पप्पांना इंजिनिअरिंग हवंय, मला बीएस्सी गणित. रोज जेवताना चर्चा चालू आहे. परवा मी पप्पांना त्रिकोणाची ती रेघ ताटातल्या भाकरीच्या तुकड्यावर दाखवली. ते म्हणाले, "बरं आहे, पण याने पगार किती मिळतो?" पप्पांचा 'का?' हा असा आहे, आणि त्याचं प्रूफ मला अजून मांडायचंय. कुठेही गेले तरी कथा लिहिणार, मराठीत.

जाता जाता तुम्हाला एक काम. या आठवड्यात एक प्रूफ किंवा नुसतं एक सूत्र घ्या आणि घरातल्या कुणाला तरी, ज्याला गणित येत नाही अशाला, आपल्या भाषेत सांगा. त्यांना दोनच शब्द बोलायला सांगा. "मग?" आणि "का?" जिथे अडाल ती जागा वहीत लिहून ठेवा आणि लगेच पुसू नका. राहू दे फळ्यावर.

माझ्या वहीत सध्या एकच ओळ आहे, मैत्रिणीच्या अक्षरात: 'पण ६१७४च का?'